हात खाली, नजर वर

मार्चच्या शेवटच्या रविवारी इकडे घड्याळं तासभर पुढे करतात आणि संध्याकाळ एकदम ऐसपैस होते. सगळा हिवाळा अंधारात कामाला जाऊन अंधारात परतलेली माणसं दारात उभी राहून एकमेकांशी बोलायला लागतात. ओंगारच्या आमच्या गल्लीत कुणीतरी मागच्या शेडमधून गवत कापायचं यंत्र ओढून काढतं, ते सुरू होईपर्यंत त्याला शिव्या घालतं, आणि मग ओल्या कापलेल्या गवताचा वास कुंपणावरून आमच्याकडे येतो. तो वास आला की माझा उजवा हात शिवशिवतो. मी तो खिशात घालून ठेवतो. माझी बायको मंजिरी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे बघते आणि म्हणते, "आला का रे तुझा सीझन?"

सीझन आला की मला पाच वर्षांपूर्वीचा तो एक उन्हाळा आठवतो. तेव्हा ओंगार निम्मं चिखलात होतं आणि निम्मं क्रेनच्या सावलीत. आमच्या घरापुढचा रस्ता पुढे जाऊन एका शेतात संपायचा, आणि त्या शेतातला घोडा रोज सकाळी आम्ही नवे भाडेकरू कसे काय आहोत ते पाहायला कुंपणापाशी यायचा. मी तेहेतीस वर्षांचा होतो. पोट सुटायला लागलं होतं. अशा वयात आणि अशा पोटानिशी मी अमेरिकन फुटबॉल खेळायला लागलो, आणि तोही आयर्लंडमध्ये. यातलं कुठलंच कुठल्याला जुळत नाही, हे मला मान्य आहे.

याचं पाप डेक्लनच्या माथी. डेक्लन ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. काही वर्षं बॉस्टनला काढून परत आला होता आणि येताना ही खोड बरोबर घेऊन आला होता. पोस्टमन, प्लंबर, हॉटेलातला एक आचारी, बँकेतले दोघं अशी माणसं गोळा करून त्याने टीम उभी केली होती आणि तिचा कोचही तोच. एकदा दुपारच्या सुट्टीत ऑफिसमागच्या हिरवळीवर त्याने त्याचा तो लांबुळका बॉल लाथेने उडवला. वाऱ्याने तो भलतीकडेच नेला. मी बाकावर पोहे खात होतो. डबा खाली ठेवला, चार ढांगा टाकल्या आणि झेल घेतला. त्यात विशेष काही नव्हतं. अमरावतीच्या मैदानावर मी बारा-तेरा वर्षं सीमारेषेवर उभा राहून दुसरं काय केलं होतं? पण डेक्लन माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "मंगळवारी संध्याकाळी काय करतोस?"

हा खेळ मी समजावून सांगत बसत नाही. मंजिरीला तो अजून समजलेला नाही, आणि ती डॉक्टर आहे. एवढंच ध्यानात घ्यावं की एखाद्या टीमला पुढे सरकता येईनासं झालं की ती बॉल लाथेने उंच, लांब भिरकावून देते. त्याला पंट म्हणतात. पलीकडच्या टोकाला दुसऱ्या टीमचा एक माणूस एकटा उभा असतो. बॉल आभाळात असतो आणि त्याच वेळी धिप्पाड माणसांची एक टोळी त्या एकट्याच्या दिशेने जीव खाऊन पळत असते. त्या एकट्याला रिटर्नर म्हणतात. बॉल झेलून तो उलटा त्या टोळीच्या अंगावर पळाला तर टीमचं भलं होतं. बॉल हाताला लागून निसटला तर तो ज्याच्या हाती पडेल त्याचा, आणि मग घरी जाईपर्यंत आपल्याशी कुणी बोलत नाही.

त्या एकट्यासाठी एक दयाळू नियम आहे. बॉल हवेत असताना त्याने एक हात डोक्यावर उंच केला की त्याचा अर्थ, मी झेल घेईन पण पळणार नाही, तेव्हा तुम्हीही मला हात लावायचा नाही. याला फेअर कॅच म्हणतात. हात वर गेला की ती धावत आलेली टोळी सभ्यपणे थांबते, बाजूने निघून जाते. जिथे झेल घेतला तिथून खेळ पुढे सुरू. मिळालं तेवढं पदरात पाडून घ्यायचं, हातपाय शाबूत ठेवायचे आणि पुढचं पुढे बघायचं, असला हा नियम एखाद्या पेन्शनीला आलेल्या मराठी माणसाने त्यांना सुचवला असावा असा माझा जुना संशय आहे.

मला हा नियम फार आवडला. माझ्या हाताला तर तो नको इतका आवडला.

त्याचं असं झालं होतं, की मी सातवीत असताना मी आणि आमच्या शेजारचा विलास एकाच उंच झेलाखाली पळत आलो आणि एकमेकांवर आदळलो. विलासच्या कपाळाला टेंगूळ आलं आणि माझा पुढचा दात गेला. दुधाचा नव्हे, पक्का. आमचे बाबा एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक होते. त्यांनी हात वर केला की गाडी थांबायची, त्यामुळे वर केलेल्या हातावर त्यांचा गाढ विश्वास होता. दुसऱ्या दिवसापासून डेपोतून आले की चहासुद्धा न घेता ते मला अंगणात उभं करायचे आणि टेनिसचा बॉल कौलांच्याही वर फेकायचे. बॉल हवेत गेला की मी उजवा हात वर करून "माझा!" म्हणून ओरडायचं, म्हणजे बाकीच्यांनी दूर व्हायचं. हात वर गेला नाही तर झेल घेतला तरी तो जमेस धरायचा नाही. दोन-तीन वर्षं असं चाललं. दात काही परत आला नाही, पण हात पक्का झाला.

आता इकडे काय व्हायचं ते आलंच लक्षात. बॉल उडाला की मी आभाळाकडे बघायचो, उजवा हात आपण होऊन वर जायचा, तोंडातून "माझा!" निघायचं आणि रेफरी फेअर कॅच म्हणून शिट्टी फुंकायचा. समोर सगळं मैदान मोकळं, एक माणूस जवळपास नाही, आणि मी बॉल छातीशी धरून जागच्या जागी उभा. पहिल्या मॅचला डेक्लनने समजून घेतलं. दुसऱ्या मॅचला तो शेजारच्याला म्हणाला, "युअर मॅन काय पोस्टमनला हात करतोय का?" युअर मॅन म्हणजे इकडे आपला 'तो बुवा'. आमचा पोस्टमन तिथेच होता. त्याने मला उलट हात केला.

उपाय पुष्कळ झाले. डेक्लनने माझं ओरडणं बंद केलं, तर हात मुक्यानेच वर जायला लागला. सरावाला त्याने माझी उजवी बाही चिकटपट्टीने कमरेला बांधली, तर डावा हात वर गेला. मंजिरी तेव्हा तासाभरावरच्या मलिंगार गावी हॉस्पिटलात नोकरीला होती. तिच्या मते हे प्रकरण मेंदूपर्यंत जातच नव्हतं, मणक्यातूनच परत फिरत होतं.

"तुझ्या बाबतीत बऱ्याच गोष्टींचं तसंच होतं," ती म्हणाली आणि पोळी उलटली.

पण बाकी मी चांगला तयार झालो होतो, हे सांगायला हवं. इकडचं आभाळ इतकं खाली असतं की बॉल ढगात शिरून भलत्याच ठिकाणी बाहेर येतो. त्याचं टोक खाली वळलं तर तो लांब जाणार, टोक वरच राहिलं तर मध्येच कोसळणार, आणि डाव्या पायाने मारलेला असला तर उलट्या बाजूला वळणार, हे मी पाठ केलं. आपल्या दहा यार्डांच्या रेषेवर टाचा ठेवून उभं राहायचं आणि मागे पाऊल टाकायचं नाही. डोक्यावरून मागे जाणारा बॉल आपला नाही, तो शेवटच्या रेषेपलीकडे वाया जातो, त्याचा नाद सोडायचा. सीमारेषेवर मागे धावत झेल घेण्यात ज्याचं बालपण गेलं त्याला हे फार जड जातं. चाळिशीच्या आत मला असला शहाणपणा दुसऱ्या कुणी शिकवलेला नाही.

बॉल फार पुढे पडणार असेल तर आपल्या माणसांना त्याच्यापासून लांब पळवावं लागतं, कारण कुणाच्या पाठीला जरी तो चाटून गेला तरी सगळ्यांचा होतो. त्यासाठी प्रत्येक टीमचा एक गुप्त शब्द असतो. डेक्लनने मला विचारलं, तुमच्याकडे 'त्याला हात लावू नका' कसं म्हणतात? मी सांगितलं, 'सोड'. तो शब्द त्या मंडळींना इतका भावला की काही विचारू नका. सरावाला सोड, पबमध्ये कुणी दुसऱ्याच्या ग्लासाकडे हात नेला तरी सोड. परक्या गावातल्या मैदानावर पाऊस तिरपा येतोय आणि एक लालबुंद प्लंबर आपल्या दहा सोबत्यांना "सोड, सोड" म्हणून हाकलतोय, हे दृश्य मी पाहिलेलं आहे. त्या क्षणी मला परदेशात असल्यासारखं अजिबात वाटलं नव्हतं.

हे सगळं झालं तरी तो हात काही खाली राहीना. सीझनची शेवटची मॅच मलिंगारला होती. त्याच्या आदल्या सरावानंतर डेक्लन माझ्याजवळ येऊन बसला. तो कधी आवाज चढवायचा नाही, हेच त्याचं वाईट. म्हणाला, "अवी, झेल तुझ्यासारखा कुणी घेत नाही. पण मला रिटर्नर हवाय, आणि तू अजून एकदाही पळालेला नाहीस. शनिवारी एकदा तरी हात खाली ठेव. नाहीतर पुढच्या वर्षी त्या जागेवर दुसऱ्याला उभं करावं लागेल."

मी ग्रँड म्हणालो. इथे 'बरं', 'ठीक', कशालाही ग्रँड म्हणतात. पण बसमध्ये बसलो आणि माझा स्टॉप मागे गेला तरी उतरलो नाही. खरं सांगतो, नोकरी, व्हिसा, घर यातलं काहीही मला इतकं जीव तोडून हवंसं वाटलेलं नव्हतं. ती सगळी हवीच होती, पण ती मी रांगेत उभं राहून मिळवली होती. एकदा, फक्त एकदा, आभाळातून पडणारी ती वस्तू घेऊन मला समोर पळायचं होतं. त्यातून कुणालाही काही मिळणार नव्हतं, आणि तरी ते मला हवं होतं.

बाबा त्याच आठवड्यात अमरावतीहून आले होते. तिकडचा मे महिना सोडून आलेल्या माणसाला इकडचा मे बाधतो. कानटोपी, स्वेटर आणि त्यावर मंजिरीचा लांब रेनकोट अशा थाटात ते शनिवारी गाडीत पुढे बसले. मंजिरीची दुपारची ड्यूटी होती, म्हणून तीच आम्हाला मैदानावर सोडणार होती. वाटेत मी बाबांना फेअर कॅचचा नियम सांगितला.

"हा तं लय चांगला नियम हाय," बाबा म्हणाले. "हात वर केला का कोनी हात लावत नाही. मंग तू काहून नाही करत?"

"करतो बाबा. तेच तर दुखणं आहे."

"दुखणं कायचं? म्याच शिकवलं नं तुले."

मंजिरी गाडी चालवताना इतकी हसली की तिला वेग कमी करावा लागला. मैदानाशी आम्हाला उतरवून ती म्हणाली, "मी इथे पलीकडेच आहे. म्हणून लगेच यायचं असं नाही. क्रेप बँडेज घरच्या प्रेसमध्ये पण आहे." प्रेस म्हणजे कपाट. हा शब्द तिने हॉस्पिटलातून घरी आणला होता.

मैदान एका शेताच्या पोटात होतं. एका बाजूला मेंढ्या, दुसऱ्या बाजूला पिवळ्याधमक फुलांचं काटेरी कुंपण. ऊन आणि पाऊस एकाच वेळी चालू होते आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. बाबा रेषेबाहेर घडीच्या खुर्चीवर बसले. पहिला पंट तोकडा पडला आणि आमच्या प्लंबरने "सोड, सोड" म्हणून आरोळी ठोकली. बाबा खुर्चीतून अर्धे उठले. "अरे, हा गोरा मराठी बोलून राहिला का बे?" त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या डेक्लनला त्यांनी हे अस्सल वऱ्हाडीत विचारलं. डेक्लनने मान डोलावली आणि आपल्याजवळचा चहाचा थर्मास त्यांच्यापुढे धरला. मग दोघं मॅच संपेपर्यंत आपापल्या भाषेत बोलत राहिले आणि कुणाचंच काही अडलं नाही.

दुसऱ्या पंटला माझा हात वर गेला. डेक्लनने नुसती टोपी डोळ्यांवर ओढली.

तिसरा पंट अगदी शेवटी आला. आम्ही मागे होतो, जिंकण्याची आशा कधीच सुटली होती, आणि हाच शेवटचा हे मला माहीत होतं. मी टाचा रेषेवर ठेवल्या. समोर एकदा पाहून घेतलं, कारण नजर एकदा वर गेली की ती खाली आणता येत नाही. समोर पाहायला गेलात तर बॉल गेला. त्यापुढे नुसते कान उरतात. लाथेचा आवाज आला. बॉल उंच गेला, फारच उंच, आणि वाऱ्याने त्याला वर जरा तोलून धरलं. पाऊस माझ्या डोळ्यांत पडत होता. ओल्या गवतावर बुटांचा आवाज जवळ येत होता आणि ते बूट नक्की किती लांब आहेत हे कानांना सांगता येत नव्हतं. माझा उजवा हात हलला. कमरेपासून निघाला, खांद्यापर्यंत आला.

तेवढ्यात रेषेबाहेरून आवाज आला, चार बसगाड्या जागच्या जागी थांबवणारा. "अव्या, हात वर कर! माझा म्हन!"

आणि हात थांबला.

आता विचार करून मी याची पुष्कळ कारणं देऊ शकतो. पण खरं कारण साधं आहे. वडिलांनी सांगितलेलं ऐकायचं नाही, अशी संधी मला आयुष्यात फारशी मिळाली नव्हती. ज्या वयात मुलं ती घेतात त्या वयात मी बारावीचा अभ्यास करत होतो. हात वर करायची माझी सवय जुनी होती, पण ते कुणी सांगितल्यावर न करण्याची हौस त्याहून जुनी निघाली. मी हात खाली आणला, दोन्ही कोपरं पोटाशी घेतली आणि बॉल छातीवर येऊन बसला.

मग मी पळालो. आधी सरळ, नाच नंतर, असं डेक्लन सांगायचा, तसा सरळ पळालो. पहिला माणूस घसरून माझ्या डाव्या बाजूने गेला. दुसऱ्याचे हात पाठीवरून निसटले. मग अचानक समोर कुणी नव्हतं, नुसतं ओलं हिरवं मैदान आणि लांबवर मेंढ्या, आणि माझ्या हेल्मेटमध्ये कुणीतरी मोठ्याने हसत होतं. तो मीच होतो. उजवीकडे रेषेबाहेर काहीतरी फडफडलं. बायकोच्या रेनकोटात आमचे बाबा माझ्या बरोबरीने पळत होते. आयुष्यात बससाठीसुद्धा न पळालेला माणूस. कानटोपी गळ्यात आली होती आणि आरोळी बदलली होती. "पय! पय लेका, पय!"

आमच्याकडे 'पळ'ला 'पय'च म्हणतात. मी किती पयलो ते मोजायचं काम दुसऱ्यांचं होतं. शेवटी मलिंगारच्या एका आडदांड गड्याने मला बाजूने उचललं आणि आम्ही दोघं रेषेबाहेर, बाबांच्या पायांपाशी जाऊन पडलो. बॉल माझ्याच कुशीत होता.

बाबा धापा टाकत खाली वाकले. त्यांनी माझ्या हेल्मेटची जाळी धरली.

"तोंड उघड."

मी दातांवरचं रबर काढलं आणि तोंड उघडलं. त्यांनी डावीउजवीकडे नीट पाहिलं. "तो येक सोडून सगळे हायेत," ते म्हणाले. मग माझ्या शेजारी उठून बसणाऱ्या त्या गड्याकडे वळले. "तू बी उघड." एक अक्षर न कळता त्या सव्वासहा फुटी माणसाने निमूट आ केला. बाबांनी तपासून त्याचीही पाठ थोपटली, आणि मला म्हणाले, "जाय आता. पुन्हा पय."

मॅच आम्ही हरलोच. पण पुढची तीन वर्षं ती जागा माझी होती, आणि त्यातल्या निम्म्या वेळा मी हात वरच केला. डेक्लन त्यावर कधी बोलला नाही. वर करता येतो आणि खाली ठेवता येतो, अशा हाताबद्दल तक्रार नसते. त्या दिवशी मंजिरी ड्यूटी संपवून आली तेव्हा दोन्ही टीम बाबांना मध्ये घेऊन चहा पीत होत्या. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कुठे मोडलंय ते विचारलं. कुठेच नाही म्हटल्यावर तिला किंचित वाईट वाटल्यासारखं मला वाटलं.

आता मी खेळत नाही. मंगळवारी सरावाला जातो आणि नव्या मुलांना आभाळाकडे बघायला शिकवतो. 'सोड' अजून आहे. तो मराठी आहे हे नव्यांना माहीतही नाही.

यंदा बाबा लवकर आलेत. या रविवारी, घड्याळं पुढे केल्यावर, मागच्या अंगणात ते आणि आमची इरा टेनिसचा बॉल घेऊन उतरले. इरा चार वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर शेजारच्या पोरांसारख्या इंग्रजीत येतं. बाबांनी बॉल वर टाकला. इराने उजवा हात उंच केला आणि ओरडली, "आय हॅव इट, आबा!" हे तिला मीच शिकवलंय, ते कुंपण जवळ आहे म्हणून.

"हात काहून वर करतं माय?" बाबा म्हणाले. "झेल घे अन् पय."

तिने पुढचा झेल हात खाली ठेवून घेतला आणि बॉल पोटाशी धरून, मान खाली घालून, थेट कुंपणाच्या दिशेने सुटली. मी खिशातला हात बाहेर काढला. तो वर गेला होता. "बाबा, थांबवा तिला, दात पडेल तिचा."

बाबांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"दुधाचेच हायेत लेका," ते म्हणाले. "पयू दे."